ड्युटीचा तक्ता आणि सायकलचा सराव

वैद्यकीय शिक्षण घेता घेता सायकलच्या शर्यती खेळणाऱ्या मुलामुलींपुढे काही नावं नेहमी ठेवली जातात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ या दोघांनी २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी एकाही भारतीयाला ती एकट्यानं पुरी करता आली नव्हती. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी, म्हणजे एका भूलतज्ज्ञानं आणि एका दंतवैद्यानं, तीच शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली होती. समर्थ २०१८ साली रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजार किलोमीटरहून लांब, टप्प्याटप्प्यांची शर्यतही खेळून आले. नागपूर रायपूरपासून जेमतेम तीनशे किलोमीटरवर आहे, एकाच महामार्गावर. त्यामुळे रायपूरला लागून असलेल्या बीरगांवहून रोज मेकाहारात, म्हणजे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये जाणाऱ्या आणि पहाटे सायकल काढणाऱ्या विद्यार्थ्याला ही माणसं आपली वाटतात. तशी ती वाटायलाच हवीत. पण त्यांच्याकडून शिकायचं काय, हे नीट पाहिलं पाहिजे. चौघांनीही ही मोठी शर्यत गाठली ती शिक्षण संपवून, तिशी ओलांडल्यावर किंवा चाळिशीच्या आसपास. निवासी डॉक्टर म्हणून आठवड्याला ऐंशी तास वॉर्डात काढत असताना नव्हे. डॉक्टर आणि सायकलपटू एका आयुष्यात होता येतं, याचा हा भक्कम पुरावा आहे. एकाच वर्षात दोन्हींचं शिखर गाठता येतं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही नसतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: वेळ कसा वाटायचा हा खरा प्रश्न नाही, शरीराची भरून येण्याची ताकद कशी वाटायची हा आहे, ती एकच असते, आणि शिक्षणाच्या वर्षांत तिच्यावर पहिला हक्क ड्युटीचा आणि झोपेचा असतो. सायकल त्यातून उरेल तेवढ्यातच बसवावी लागते.

हे कठोर वाटेल, म्हणून कारण सांगतो. सरावानं माणूस बलवान होत नाही. सरावानंतरच्या विश्रांतीत होतो. सराव शरीराला मोडतो आणि झोप, अन्न व मोकळा वेळ मिळाला तर शरीर आधीपेक्षा थोडं जास्त बांधून घेतं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१३ साली अतिसरावाबद्दल एकत्रित निवेदन काढलं. थकव्याच्या तीन पायऱ्या त्यात मांडल्या आहेत. पहिली हेतुपूर्वक घेतलेली, काही दिवसांत भरून निघणारी. दुसरी आठवडे किंवा महिने घेणारी. तिसरी म्हणजे खरा अतिसराव, जो महिनोन् महिने हटत नाही. या पायऱ्या ओळखायला रक्ताची एखादी खात्रीची चाचणी अजून नाही, आणि सर्वांत आधी बिघडणाऱ्या गोष्टींत मनःस्थिती असते, हे त्यातलं महत्त्वाचं. चिडचिड, झोप उडणं, उत्साह आटणं, लक्ष न लागणं, भूक कमी होणं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं ही यादी मनोविकारशास्त्राच्या पुस्तकात नैराश्याच्या प्रकरणातही वाचलेली असते. दोन्ही चित्रं इतकी सारखी दिसतात की अनुभवी माणूसही फसतो. सराव फारसा न वाढवताही माणूस या अवस्थेत जाऊ शकतो, असंही ते निवेदन सांगतं, कारण परीक्षा, प्रवास, अपुरं अन्न, अपुरी झोप, घरातला ताण हे सगळं त्याच बेरजेत येतं. शरीर वॉर्डातला थकवा एका खात्यात आणि सायकलचा दुसऱ्या खात्यात टाकत नाही.

आता वॉर्डाकडे येऊ. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर कार्यदल नेमलं होतं. त्याचा अहवाल २०२४ साली आला. ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या पंचवीस हजारांहून अधिक आणि पदव्युत्तरच्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं असल्याचं नोंदवलं. अशा पाहणीत ज्याला त्रास आहे तो उत्तर द्यायला अधिक पुढे येतो, हे खरं; म्हणून हे आकडे जसेच्या तसे साऱ्या देशाला लावू नयेत. पण जगभरातल्या अभ्यासांची बेरीज करून ‘जामा’ या नियतकालिकात निघालेले दोन निबंधही याच दिशेला बोट दाखवतात. २०१५ च्या निबंधात निवासी डॉक्टरांपैकी २८.८ टक्क्यांमध्ये, आणि २०१६ च्या निबंधात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. आयोगाच्या कार्यदलानं निवासी डॉक्टरांकडून आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी द्यावी, अशी शिफारस केली आहे. ही शिफारस आहे. प्रत्यक्षात किती विभाग ती पाळतात, हे निवासी डॉक्टरांच्या संघटनांत, रायपूरच्या जूडात किंवा महाराष्ट्रातल्या मार्डमध्ये, कोणालाही विचारा. म्हणजे सायकल हातात घेण्याआधीच या मुलांची निम्मी ताकद खर्ची पडलेली असते, आणि हे त्यांच्या कमकुवतपणामुळे होत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत सच्चा आक्षेप येतो: सायकल हेच तर माझं औषध आहे, तेच कमी करायला का सांगता? या आक्षेपात तथ्य आहे. ‘लॅन्सेट सायकायट्री’त २०१८ साली अमेरिकेतल्या बारा लाख प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास निघाला. व्यायाम करणाऱ्यांना, तशाच परिस्थितीतल्या व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा, महिन्यातले वाईट मनःस्थितीचे दिवस सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्या प्रकारांत हा संबंध सर्वांत ठळक दिसला त्यांत सायकल होती. पण तोच अभ्यास पुढे वाचला पाहिजे. सर्वांत चांगलं चित्र होतं एका वेळी पाऊण तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा व्यायाम करणाऱ्यांचं. रोज तीन तासांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांची मनःस्थिती, अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही वाईट दिसली. यातून कारण सिद्ध होत नाही. कदाचित आधीच अस्वस्थ असलेली माणसंच जास्त व्यायाम करत असतील. तरी आपल्या कामाचा धडा यात आहे: मनासाठी लागणारी सायकल आणि शर्यत जिंकण्यासाठी लागणारी सायकल यांची मात्रा एक नसते. पहिली निवासी डॉक्टरच्या आठवड्यात आरामात बसते. दुसरीला औषध म्हणत राहणं ही स्वतःची फसवणूक आहे. सायकल न मिळालेल्या दिवशी अपराधी वाटतं का, ताप असताना किंवा गुडघा दुखत असताना तुम्ही बाहेर पडता का, हे स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर सायकल मनाला आधार देण्याऐवजी मनाकडून वसुली करू लागली आहे.

दुसरा आक्षेप सायकलपटूंचा असतो: सराव कमी केला की सगळं हातातून जाईल. इथे शरीरशास्त्र आपल्या बाजूनं आहे. रॉबर्ट हिकसन या संशोधकानं १९८० च्या दशकात यावर प्रयोग केले. लोकांना दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं जोरदार सराव करायला लावला आणि नंतर पंधरा आठवडे तो कमी केला. दिवस सहावरून चारावर किंवा दोनावर आणले तरी प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकली. प्रत्येक वेळचा कालावधी कापला तरीही ती टिकली; फक्त सर्वांत मोठ्या कपातीत दीर्घ काळ दम धरण्याची ताकद घसरली. मात्र जोर कमी केला, तेव्हा कमावलेलं गेलं. गट लहान होते, आणि शर्यत म्हणजे केवळ प्राणवायूची क्षमता नव्हे, हे मान्य. तरीही निष्कर्ष फार दिलासा देणारा आहे. कमावण्यासाठी जेवढं लागतं त्याच्या बऱ्याच कमी खर्चात कमावलेलं राखता येतं, अट एवढीच की जे थोडं करता त्यात धार ठेवायची. म्हणून शिक्षणाच्या काळात वर्षाचे भाग पाडा. बहुतेक महिने राखण्याचे. हलक्या पोस्टिंगचे सहा-आठ आठवडे सलग मिळाले तर ते कमावण्याचे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने मनासाठीचे, त्यात शर्यत नाही. शर्यत आधी ठरवून ड्युट्या तिच्याभोवती बदलून मागण्याची सवय लागली की सहकाऱ्यांचं देणं वाढत जातं, आणि ते देणं नेमकं शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात फेडावं लागतं. पोस्टिंगचा तक्ता आधी लिहा, मग शर्यतींचं कॅलेंडर उघडा. पदव्युत्तरच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. तिचे आठ-दहा दिवस एकाच मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवणं चार छोट्या शर्यतींत उधळण्यापेक्षा शहाणपणाचं.

एक आठवडा प्रत्यक्ष मांडून पाहू. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, मंगळवारी सकाळी आठपासून चोवीस तासांची ड्युटी. ती बुधवारी सकाळी संपते असं कागदावर, पण राउंड, डिस्चार्ज कार्डं आणि नव्या इंटर्नला समजावणं यांत दुपार होतेच. सोमवारी चाळीस मिनिटं अगदी सैल पायांनी. मंगळवारी काही नाही. बुधवारी घरी येऊन जेवण आणि झोप. संध्याकाळी जाग आली आणि बरं वाटलं तरी सायकल नाही, फार तर चालणं. गुरुवारी होम ट्रेनरवर पाऊण तास, त्यात चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे, मधे तीन-तीन मिनिटं हलकं. शुक्रवारी तासभर गप्पा मारता येतील अशा वेगानं. शनिवार मोकळा. रविवारी नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर अडीच-तीन तास, शेवटच्या तासात वीस मिनिटं शर्यतीच्या जोरानं. सगळे मिळून पाचेक तास. यातला मोजायचा भाग सोपा आहे. कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक सरावाला शून्य ते दहामध्ये ‘किती जड गेलं’ याचा अंक द्या आणि मिनिटांनी गुणा. गुरुवारचे ४५ मिनिटं गुणिले ७ म्हणजे ३१५, शुक्रवारचे ६० गुणिले ३ म्हणजे १८०. हे अंक एका वहीत मांडा आणि शेजारच्या रकान्यात ड्युटी किती जड गेली त्याचा दहापैकी अंक, झोपेचे तास आणि मनःस्थितीचा पाचपैकी अंक लिहा. ड्युटीचा अंक सरावात मिसळायचं प्रमाणित सूत्र नाही, पण दोन रकाने शेजारी असले की डोळ्यांना दिसतं: ड्युटी आठ-नऊवर गेलेल्या आठवड्यात सरावाची बेरीज खाली यायलाच हवी. त्याच आठवड्यात दुसरी रात्र आली तर रविवारची लांब फेरी जाते. झोप जात नाही. आणि गेलेला सराव पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही. बुडलेली फेरी बुडाली.

बुधवारच्या नियमाला अपवाद करू नका. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका खालावतो आणि चोवीस तासांनी तो सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो, हे डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. आपल्या कायद्यात वाहन चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांच्या २००५ च्या अभ्यासात लांबलचक पाळी करून घरी निघालेल्यांना मोटारीचा अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. हे चारचाकीतल्या माणसांचं झालं. बीरगांवला सायकलवर तुमच्या आणि रस्त्याच्या मधे काहीच नसतं. भनपुरीपासून पुढे बिलासपूर रस्त्याला लागलात की उरला आणि सिलतराच्या कारखान्यांकडे कोळसा आणि कच्चं लोखंड नेणारे, सळ्या घेऊन परत येणारे ट्रक रात्रंदिवस चालू असतात. रस्त्याच्या कडेला सांडलेली काळी भुकटी पहाटेच्या दवात निसरडी होते, आणि ट्रकच्या बाहेर आलेल्या सळ्यांना बांधलेलं लाल फडकं धुक्यात शेवटच्या क्षणी दिसतं. रात्रपाळी करून आलेल्या डोळ्यांना ते दिसेलच याची खात्री नाही. रात्रीच्या ड्युटीवरून घरीसुद्धा सायकलनं येऊ नका. सायकल हॉस्टेलवर ठेवा आणि ऑटोनं या.

हवेचंही तसंच. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा खाली बसते आणि धूर तिच्यासोबत जमिनीलगत राहतो. जोरात पेडल मारताना आपण बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत घेतो, तीही बहुतेक तोंडावाटे, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. पहाट म्हणजे शुद्ध हवा, हा समज इथे डिसेंबर-जानेवारीत लागू पडत नाही. त्या दिवसांत जोरदार टप्पे घरात ट्रेनरवर आणि लांब फेरी ऊन पडल्यावर, कारखान्यांपासून दूर. मे महिन्यात उलट: सूर्य उगवण्याच्या सुमाराला सुरू करून आठच्या आत घरी, आणि उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस द्या. घरातल्या ट्रेनरलाही पंखा समोर हवा, नाहीतर बंद खोलीत अंगातली उष्णता बाहेरच जात नाही.

अन्नाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण ड्युटी, सायकल आणि मन हे तिन्ही इथे एकमेकांत गुंततात आणि सर्वांत कमी लक्ष इथेच जातं. निवासी डॉक्टर उपाशी राहतो तो ठरवून नव्हे. मेसची वेळ निघून जाते, कॅज्युअल्टीत चहा-बिस्किटावर रात्र जाते. त्याच्या जोडीला सायकलपटूच्या डोक्यात किलोमागे वॅटचा हिशेब असतो, आणि वजन कमी म्हणजे चढ सोपा हे तो शिकलेला असतो. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या रोजच्या कामांना ऊर्जा उरत नाही, तेव्हा होणाऱ्या बिघाडाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली नाव दिलं आणि २०२३ साली त्यावरचं निवेदन नव्यानं काढलं. त्यात पाळी लांबणं किंवा थांबणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटणं, हाडं ठिसूळ होणं, वारंवार आजारी पडणं आणि मन खचणं हे सगळं येतं. सायकलपटूंच्या हाडांना आधीच धोका असतो, कारण सायकलवर हाडांवर शरीराचा भार पडत नाही. तीन महिने पाळी न आलेल्या खेळाडू मुलीनं ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. हे तपासणीचं कारण आहे. ड्युटीच्या बॅगेत भिजवून उकडलेले चणे, शेंगदाण्याची चिक्की, केळी, सत्तू असं काहीतरी कायम असू द्या. सरावानंतर तासाभरात डाळ-भात किंवा पोहे-दही मिळेल अशा वेळीच सराव ठेवा. परीक्षेच्या आणि जड पोस्टिंगच्या काळात वजन उतरवायचा विचार पूर्ण बाजूला ठेवा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही पाहा. शाकाहारी आणि पाळी येणाऱ्या खेळाडूंत ते घसरलेलं सापडण्याची शक्यता अधिक.

औषधांचा प्रश्न या वाचकांपुढे इतरांपेक्षा वेगळा उभा राहतो, कारण औषध हाताशी असतं. जागं राहण्यासाठी निवासी डॉक्टरांत मोडाफिनिलची चर्चा होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं उत्तेजक आहे. ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे, सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तर ते २०१९ पासूनच बंद केलं होतं. तोंडावाटे किंवा इंजेक्शननं घेतलेलं स्टेरॉइडही स्पर्धाकाळात चालत नाही. याच भीतीनं काही खेळाडू नैराश्याचे उपचार टाळतात, आणि ती भीती चुकीची आहे. नैराश्यावर सर्रास दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं बंदीच्या यादीत नाहीत. लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारावरचं मिथाइलफेनिडेट मात्र आहे. ते खरोखर लागत असेल तर वैद्यकीय कारणासाठीची परवानगी आधी मागता येते. दर वर्षी जानेवारीत नवी यादी लागू होते, ती पाहा. आणि स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहू नका, मित्राकडूनही लिहून घेऊ नका. आजारी माणसाच्या विचारशक्तीवर आजाराचा परिणाम असतो, हे आपण रुग्णांबद्दल मानतो. डॉक्टर रुग्ण झाला की ते बदलत नाही.

मदत घेतली तर कॉलेजात बोभाटा होईल, हा यापुढचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क केला आहे. आपल्याच कॉलेजच्या मनोविकार विभागात जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरकडे जा. तो संकोच टिकून राहिला तरी चालेल, उपचार थांबता कामा नयेत. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालतो. केव्हा जायचं याची खूण आधी ठरवून ठेवावी. पूर्ण विश्रांती आणि पुरेशी झोप घेऊनही दोन आठवड्यांत मन उभारी धरत नसेल तर तो नुसता सरावाचा थकवा आहे असं धरून बसू नका. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली विद्यार्थी रुग्णांकडून भरून घेतात. महिन्यातून एकदा स्वतःही भरा. बेरीज दहा किंवा जास्त आली तर भेटीची वेळ घ्या. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याहून वेगळं उत्तर असेल तर बेरीज न पाहता त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तर हे आणखी जपून पाहायला हवं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला ट्रॅक सायकलिंगचं सांघिक रौप्य मिळवून देणारी केली कॅटलिन स्टॅनफर्डमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि त्याच वेळी व्यावसायिक संघातूनही खेळत होती. २०१९ साली, तेविसाव्या वर्षी, तिनं आयुष्य संपवलं. त्याआधीच्या काही महिन्यांत तिला अपघातात डोक्याला मार लागला होता. अशा मृत्यूला एकच कारण कधीच नसतं आणि ते शोधायचा अट्टहासही करू नये. पण मेंदूला धक्का बसल्यानंतर डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास आणि खिन्नता आठवडे टिकू शकते, हे ठाऊक असलेल्या माणसानं स्वतःच स्वतःला ‘फिट’ ठरवून तिसऱ्या दिवशी ड्युटीवर आणि पाचव्या दिवशी सायकलवर जाऊ नये. परतायची परवानगी दुसऱ्या डॉक्टरची हवी, आणि अभ्यासालाही तशीच सूट मागायला हवी.

शेवटचा आक्षेप वयाचा. दीर्घ पल्ल्याचा सायकलपटू चाळिशीतही चमकतो, पण ट्रॅकवरचा किंवा राष्ट्रीय संघात जागा मिळण्याच्या उंबरठ्यावर असलेला बावीस वर्षांचा खेळाडू इतका थांबू शकत नाही. हे अगदी खरं आहे, आणि अशा खेळाडूला मी वर सांगितलेला पाच तासांचा आठवडा सांगणार नाही. त्यानं क्रम उलटा करावा. १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या शर्यतींत पाच सुवर्णपदकं मिळवलेला एरिक हायडन पुढे व्यावसायिक सायकलपटू झाला, १९८६ साली टूर द फ्रान्समध्ये उतरला, आणि सायकल मागे ठेवून १९९१ साली स्टॅनफर्डमधून डॉक्टर होऊन अस्थिशल्यचिकित्सक झाला. आपल्याकडे नीटच्या रँकचा आणि ग्रामीण सेवेच्या बाँडचा विचार करता हा मार्ग महाग आहे. इंटर्नशिप संपल्यावर पदव्युत्तरच्या प्रवेशपरीक्षेआधी एक वर्ष खेळाला देणं हा त्यातल्या त्यात स्वस्त पर्याय. तो निर्णय घरच्यांशी पैशांचा हिशेब मांडून घ्यावा, आणि वर्ष किती तारखेला संपेल हे लिहून ठेवावं. हौशी खेळाडूसाठी एवढं पुरे: निवासी डॉक्टर असताना २०० किलोमीटरची ब्रेव्हे, जिची मुदत साडेतेरा तास असते, ती दिवसाउजेडी होते आणि सोमवारी माणूस कामाला लागतो. ६०० ची मुदत चाळीस तासांची आहे. तीत एक रात्र रस्त्यावर जातेच. ती अंतिम परीक्षेनंतर करा.

राहिले घरचे. ‘आधी डॉक्टर हो, मग काय ती सायकल’ असं म्हणणाऱ्या आई-बाबांना वरचे आकडे दाखवा: आठवड्यातले तीन-चार पाऊण तास मनाला उभारी देऊ शकतात, आणि ते तोडून अभ्यासाला जोडल्यानं अभ्यास वाढतोच असं नाही. शर्यत पुढे ढकला असं त्यांनी म्हणणं रास्त आहे. सायकल विकून टाक म्हणणं नाही. आणि एक करार आधीच, मन चांगलं असताना करून ठेवा. घरातलं, हॉस्टेलमधलं किंवा सायकलच्या ग्रुपमधलं एक माणूस निवडा आणि सराव आणि ड्युटीच्या अंकांची ती वही दर रविवारी त्याला दाखवा. सलग दोन आठवडे झोप सरासरी सहा तासांच्या खाली गेली, किंवा मनःस्थितीचा अंक सलग पाच दिवस दोनवर अडकला, तर सायकलची किल्ली त्यानं मागायची आणि तुम्ही वाद न घालता द्यायची. ती परत केव्हा मिळेल, हेही त्याच पानावर त्यालाच लिहू द्या.